नाव आपलं, जागा भाड्याची : वेबसाइटला डोमेन जोडण्याचा इतिहास

आजचा विषय पाहून काहींना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात हे वेबसाइटला डोमेन जोडण्याचं काय मध्येच काढलं? हे काम तर कॉलेजातली पोरं पंधरा मिनिटांत करून देतात. देतात, खरं आहे. पण ते करताना समोर जो तक्ता उघडतो, तो आमच्या मते संगणकांच्या जाळ्याचा सातबारा आहे. सातबाऱ्यावर जसे जुने फेरफार दिसतात, कुणाचं नाव चढलं, कुणाचं कमी झालं, तसंच इथे. प्रत्येक रकाना कुणीतरी, कधीतरी, काहीतरी अडचण आली म्हणून घातलेला आहे. पुढे अडचण गेली, रकाना राहिला.

आधी तो तक्ता डोळ्यांसमोर आणू. समजा, एका वाचनालयाला वेबसाइट करायची आहे. नाव एका कंपनीकडून घेतलं, वर्षाचे पैसे भरले. वेबसाइट उभी केली ती दुसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर. ती कंपनी सुरुवातीला स्वतःच्या आडनावासकट पत्ता देते, म्हणजे ‘वाचनालय डॉट अमुक कंपनी डॉट कॉम’. आता आपलं स्वतःचं नाव त्या जागेला लावायचं. मग होस्टिंगवाले सांगतात, तुमच्या डोमेनच्या तक्त्यात जा. नुसत्या नावासाठी ‘ए’ प्रकारची नोंद करा आणि तिथे हा आकड्यांचा पत्ता टाका. ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ लावलेल्या नावासाठी मात्र ‘सीनेम’ प्रकारची नोंद करा आणि तिथे आमचं नाव टाका. एक ‘टीएक्सटी’ नोंद पण करा. ‘टीटीएल’ आहे तसं राहू द्या. आणि मग थांबा, ४८ तासांपर्यंत. त्यानंतर प्रमाणपत्र तयार होईल आणि साइट सुरक्षित दिसेल.

वाचनालयाचे चिटणीस हे सगळं मुकाट्याने करतात. एकाच नावाच्या दोन रूपांना दोन वेगळे नियम का, ४८ तास कसले, हे कुणी सांगत नाही. आज आपण ते पाहू. आणि त्याच्याच पोटात एक प्रश्न आहे, जो चिटणिसांनी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता : हे नाव नक्की कुणाचं आहे?

आता मागे जाऊ. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून आरपानेट हे जाळं उभं राहिलं. त्याचा पहिला दुवा २९ ऑक्टोबर १९६९ रोजी जुळला, लॉस एंजेलिसचं विद्यापीठ आणि मेन्लो पार्कची स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, म्हणजे एसआरआय, यांच्यामध्ये. जाळ्यावरच्या यंत्रांना आकडे होते. पण माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून जो तो आपापल्या ठिकाणी यादी करून ठेवायचा : हा आकडा म्हणजे अमुक यंत्र. झालं काय, की एकाच यंत्राला एका ठिकाणी एक नाव, दुसरीकडे दुसरं. १९७१ साली पेगी कार्प यांनी एक टिपण लिहून सुचवलं, की निदान नावं तरी सगळ्यांनी सारखी वापरा. डिसेंबर १९७३ मध्ये पीटर डॉइच यांनी पुढची तक्रार केली, की यंत्रांना वाचता येईल अशी एकच अधिकृत यादी कुठेतरी असायला नको का? एसआरआयमधल्या माहिती केंद्राने ती जबाबदारी घेतली. १९७४ पासून ही यादी एका साध्या फाइलमध्ये राहू लागली. फाइलचं नाव ‘होस्ट्स डॉट टीएक्सटी’.

या केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. सगळे त्यांना ‘जेक’ म्हणत. बाईंचं शिक्षण रसायनशास्त्राचं. त्याआधी त्यांनी रासायनिक संशोधनाचे सारांश आणि सूची तयार करणाऱ्या संस्थेत काम केलेलं होतं. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. जगातल्या नावांची पहिली वही ज्यांनी सांभाळली, त्या अभियंता नव्हत्या. त्यांचा पिंड ग्रंथपालाचा होता. सूची चुकली तर पुस्तक असून नसल्यासारखं होतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

व्यवस्था अशी होती. तुम्ही नवं यंत्र आणलंत, तर एसआरआयला फोन करायचा. तोही ऑफिसच्या वेळात, कॅलिफोर्नियाच्या घड्याळाप्रमाणे. मग तिथलं कोणीतरी नाव आधी कुणी घेतलेलं नाही ना हे बघणार आणि फाइलमध्ये ओळ घालणार. बाकीची केंद्रं ती फाइल अधूनमधून उतरवून घेणार. आज पंचवीस सेकंदांत होणारं काम तेव्हा दोन माणसांच्या बोलण्यातून होत होतं. आणि एक सांगतो, ती फाइल अजून जिवंत आहे. तुमच्या लॅपटॉपमध्ये ‘होस्ट्स’ नावाची फाइल आजही सापडेल, आणि बहुतेक यंत्रं जगाला विचारण्याआधी तिच्यात डोकावून बघतात.

मग हे मोडलं का? यंत्रं वाढली, हे अर्धंच उत्तर. यंत्रं दुप्पट झाली, की फाइलही दुप्पट लांब होते आणि ती उतरवून घेणारेही दुप्पट होतात. म्हणजे ओझं चौपट. शिवाय सगळ्या जाळ्यात एक नाव एकदाच वापरता येणार. एखाद्या गावात एकच गणपत असावा असा नियम केला, तर दुसऱ्या गणपतच्या आईबापांनी करायचं काय? आणि तिसरी गोष्ट, सगळ्यांत नाजूक. ज्या विद्यापीठाचं यंत्र आहे, त्याला स्वतःच्या यंत्राचं नाव बदलण्यासाठी दुसऱ्या गावात फोन करावा लागत होता. नावावर अधिकार कुणाचा, हा प्रश्न इथे पहिल्यांदा उभा राहिला.

१९८३ साली दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत पॉल मोकापेट्रिस हे तरुण संशोधक होते. जॉन पोस्टेल यांनी त्यांच्यासमोर वेगवेगळ्या लोकांच्या पाच सूचना ठेवल्या आणि यातून मधला मार्ग काढ म्हणून सांगितलं. मोकापेट्रिस यांनी मधला मार्ग काढलाच नाही, आपलीच नवी रचना मांडली. नोव्हेंबर १९८३ मध्ये तिची दोन टिपणं निघाली आणि नोव्हेंबर १९८७ मध्ये सुधारून पुन्हा निघाली. ती सुधारित टिपणं आजही पायाभूत मानली जातात.

रचना झाडासारखी आहे. मूळ वर, त्याखाली ‘कॉम’, ‘ओआरजी’, ‘इन’ अशा फांद्या, त्याखाली तुमचं नाव. गंमत अशी, की वरच्याला खालचं सगळं माहीत नसतं. ‘ओआरजी’च्या वहीत वाचनालयाच्या वेबसाइटचा पत्ता नसतोच. तिथे एवढंच लिहिलेलं असतं, की या नावाबद्दल विचारायचं तर अमक्या नेमसर्व्हरला विचारा. वाचनालयाची वही वाचनालयाच्या ताब्यात. फाइनलर बाईंना करावा लागणारा फोन इथे बंद झाला. आपल्या फांदीखाली काय लिहायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. चिटणिसांसमोर उघडतो तो तक्ता म्हणजे हीच वही.

पण प्रत्येक वेळी मुळापासून विचारत खाली यायचं तर जाळं तुंबलं असतं. म्हणून मोकापेट्रिस यांनी आणखी एक तजवीज केली. विचारणाऱ्याने मिळालेलं उत्तर काही काळ स्वतःजवळ ठेवावं. किती काळ, ते उत्तरासोबतच लिहिलेलं असतं, सेकंदांत. तो टीटीएल. १९८७ च्या टिपणात असंही म्हटलं आहे, की साधारण यंत्रासाठी हा काळ काही दिवसांचा असावा. तेव्हा ते बरोबरच होतं. यंत्रं खोल्या भरतील एवढी, ती रोज कोण हलवणार?

आता ते ४८ तास. ‘कॉम’च्या वहीत नेमसर्व्हरच्या नोंदीला जो टीटीएल लावलेला असतो, तो आहे १,७२,८०० सेकंद. भागून बघा, बरोबर ४८ तास येतात. या प्रतीक्षेला इंग्रजीत ‘प्रसार’ अशा अर्थाचा शब्द रूढ झाला आहे, पण तो फसवा आहे. तुम्ही केलेला बदल कुठेही पसरत नसतो. तो लिहिल्याबरोबर वहीत आलेला असतो. जगभरच्या नेमसर्व्हरांनी आपल्या खिशात ठेवलेल्या जुन्या चिठ्ठ्यांची मुदत संपायची असते, एवढंच. म्हणून जाणती मंडळी साइट हलवण्याच्या दोन दिवस आधीच टीटीएल कमी करून ठेवतात, म्हणजे चिठ्ठ्या लवकर शिळ्या होतात. हलवल्यावर कमी करून उपयोग नसतो. जुनी चिठ्ठी जुन्याच मुदतीने चालते.

आता सीनेम. इथे आम्ही जरा जास्त वेळ घेणार आहोत, कारण जगातल्या सगळ्या होस्टिंग कंपन्यांच्या मदतकक्षांना सर्वाधिक छळणारी जी गोष्ट असेल, ती हीच असावी असा आमचा अंदाज आहे.

जुन्या होस्ट्स फाइलमध्ये एका यंत्राचं एक अधिकृत नाव असायचं आणि त्यापुढे टोपणनावं. मोकापेट्रिस यांच्या रचनेत ही सोय पुढे आली ती सीनेम म्हणून. त्याचा अर्थ असा, ‘हे टोपणनाव आहे, खरं नाव तिकडे आहे, जे काही विचारायचं ते तिकडे विचारा.’ आणि त्याला एक कडक नियम जोडला : ज्या नावाला सीनेम आहे, त्या नावावर दुसरी कुठलीही नोंद नको. तर्क सरळ आहे. टोपणनावाला वेगळं रेशनकार्ड कशाला? सगळी माहिती खऱ्या नावावर असू दे, नाहीतर दोन ठिकाणची माहिती एकमेकींशी जुळणार नाही.

कुणी कल्पना केली नव्हती ती पुढची. दहा-बारा वर्षांनी भाड्याच्या सर्व्हरचा धंदा सुरू झाला, आणि भाडेकरूंना सीनेम सोन्यासारखा वाटू लागला. कारण होस्टिंगवाल्याने आपलं यंत्र बदललं, आकडे बदलले, तरी भाडेकरूला काही करावं लागत नाही. त्याच्या वहीत फक्त नाव आहे. आकडा होस्टिंगवाला स्वतःच्या वहीत बदलतो. म्हणजे यंत्राच्या टोपणनावासाठी केलेली सोय जागा भाड्याने घेण्याचं साधन बनली.

पण नुसत्या नावाला, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नसलेल्या नावाला, ती लावता येत नाही. का? कारण त्या नावावर आधीच दोन सक्तीच्या नोंदी असतात. ही वही कुणाची आणि तिचे नेमसर्व्हर कोणते, या. त्याशिवाय बहुधा टपालाची नोंद असते, ई-मेल कुठे द्यायची ती. सीनेमचा नियम म्हणतो, दुसरं काही नको. झाडाचा नियम म्हणतो, या दोन नोंदी हव्यातच. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे, आणि दोघांच्या मध्ये आपले चिटणीस. कुठे कुठे तक्ता असा सीनेम घेतोसुद्धा, आणि मग वेबसाइट दिसू लागते पण ई-मेल बेपत्ता होते. वाचनालयाला वाटतं सभासदांनी पत्रं लिहिणं सोडलं.

यावर उपाय निघाले, पण सगळे ठिगळं लावल्यासारखे. एक, होस्टिंगवाल्याने कधीही न बदलणारे आकडे द्यायचे आणि नुसत्या नावाला ‘ए’ नोंद करायची. चिटणीस करतात ते हेच. दोन, काही कंपन्यांनी स्वतःच्या तक्त्यात ‘एलियास’ किंवा ‘एनेम’ नावाच्या नोंदी काढल्या. आतून त्या आकडा शोधून आणतात आणि बाहेर ‘ए’ नोंद असल्याचं दाखवतात. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी. सर्वमान्य म्हणावा असा नवा नोंदप्रकार टिपणात यायला नोव्हेंबर २०२३ उजाडलं. १९८३ पासून मोजा, चाळीस वर्षं झाली.

आणि हे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू तरी कुठून आलं? त्या काळी संस्थेतलं प्रत्येक यंत्र एकेक काम करायचं. फाइली देणारं एक, टपालाचं एक. कामावरून नाव पडायचं, जसं गावात आडनावं पडली. वेबचं काम करणारं यंत्र ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू. तो संकेत होता, सक्ती कधीच नव्हती. टिम बर्नर्स-ली यांची जगातली पहिली वेबसाइट ‘इन्फो डॉट सर्न डॉट सीएच’ या नावावर होती. तिथे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नव्हतंच.

नावाचा आकडा मिळाला म्हणजे ब्राउझर दारापर्यंत पोहोचतो. पण दारात गेल्यावर एक वेगळीच भानगड होती. वेबच्या सुरुवातीच्या वर्षांत ब्राउझर सर्व्हरला एवढंच सांगायचा, ‘अमुक पान द्या.’ कुठल्या वेबसाइटचं, ते सांगायचाच नाही. पोस्टमन चाळीच्या दारात उभा आहे आणि पाकिटावर फक्त ‘दुसरा मजला’ लिहिलंय, नावच नाही. चाळीत एकच कुटुंब राहत असेल तर चालेल. म्हणून एका वेबसाइटला एक स्वतंत्र आकडा घ्यावा लागायचा. असे आकडे सगळे मिळून साधारण ४२९ कोटी, आणि ते संपणार हे तेव्हाच दिसत होतं. जानेवारी १९९७ मध्ये वेबच्या नियमांची १.१ ही आवृत्ती टिपणाच्या रूपात आली आणि तिने सक्ती केली, की मागणी करताना वेबसाइटचं नावही सांगायचं. या ओळीला ‘होस्ट’ म्हणतात. एवढ्याशा ओळीने एका यंत्रावर हजारो वेबसाइट्स राहू लागल्या आणि होस्टिंग स्वस्त झालं. छोट्या संस्थांना वेबसाइट परवडू लागली त्याचं श्रेय आम्ही या एका ओळीला देतो.

पण म्हणूनच नुसती तक्त्यातली नोंद पुरत नाही. होस्टिंगवाल्याकडे जाऊनही सांगावं लागतं, की हे नाव घेऊन कोणी आलं तर ते आमचं समजा. ते राहिलं, तर पाहुणा बरोबर चाळीत पोहोचतो आणि तिथले लोक म्हणतात, या नावाचं इथे कोणी राहत नाही.

पुढे हाच घोळ कुलपाच्या वेळी परत झाला. सुरक्षित जोडणीत आधी पाकीट बंद होतं, मग आत नाव. आणि कुठलं प्रमाणपत्र दाखवायचं ते सर्व्हरला नाव कळल्याशिवाय ठरवता येत नाही. २००३ मध्ये यावर तोड निघाली, नाव आधीच बाहेर सांगायची. पण विंडोज एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला ती कधीच समजली नाही, आणि एक्सपी वापरणारे, आपल्याकडची सरकारी ऑफिसं आणि सायबर कॅफे धरून, पुष्कळ होते. त्यामुळे छोट्या साइट्स बरीच वर्षं कुलपाविना राहिल्या. डिसेंबर २०१५ मध्ये ‘लेट्स एन्क्रिप्ट’ने सर्वांसाठी फुकट प्रमाणपत्रं खुली केली आणि चित्र पालटलं. ही प्रमाणपत्रं यंत्रानेच मागायची आणि यंत्रानेच द्यायची. देणारा तपासतो काय, तर हे नाव खरंच या सर्व्हरकडे जातं का. म्हणून आधी नोंद, मग चिठ्ठ्या शिळ्या होणं, आणि त्यानंतर प्रमाणपत्र. क्रम उलटा करता येत नाही.

इथपर्यंत यंत्रांचा इतिहास झाला. आता पैशाचा आणि सत्तेचा.

‘कॉम’मधलं पहिलं नोंदलेलं नाव ‘सिम्बॉलिक्स’, १५ मार्च १९८५. संगणक बनवणारी ही अमेरिकी कंपनी पुढे मावळली. तिचं नाव मात्र राहिलं आणि २००९ साली ते एका गुंतवणूकदार कंपनीने विकत घेतलं. नाव घेतलं तेव्हा पैसे पडत नव्हते. नोंदणीचा खर्च अमेरिकी सरकारच्या खात्यातून व्हायचा. १४ सप्टेंबर १९९५ पासून नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीला शुल्क घेण्याची परवानगी मिळाली : पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर, नंतर वर्षाला ५०. त्या दिवशी नावाची वतनदारी संपली आणि भाडेपट्टा सुरू झाला, असं आम्ही म्हणतो. आजही ‘कॉम’ किंवा ‘ओआरजी’चं नाव एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी घेता येतं. ‘डोमेन विकत घेतलं’ हा आपला बोलण्यातला शब्दप्रयोग आहे, कागदावर ती मुदतीची नोंदणी असते.

सत्ता कुणाची, यावर १९९८ च्या २८ जानेवारीला एक नाट्य घडलं. जॉन पोस्टेल यांनी मूळ नेमसर्व्हर चालवणाऱ्यांपैकी आठ जणांना ई-मेल पाठवली, की यापुढे मुख्य यादी माझ्या यंत्रावरून घ्या. आठही जणांनी ऐकलं! सरकारने डोळे वटारल्यावर पोस्टेल यांनी तो ‘प्रयोग’ मागे घेतला. त्याच वर्षी आयकॅन ही संस्था स्थापन झाली आणि ऑक्टोबरात पोस्टेल वारले. एका माणसाच्या शब्दावर चालणारा कारभार तिथे संपला.

आपल्याकडे ‘डॉट इन’ची नोंद १९८९ सालची. सुरुवातीला तिचा कारभार आपल्या मुंबईतून चालत होता, जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. नियम कडक होते. इतके, की १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली. २००५ च्या सुरुवातीला निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली दारं उघडली. ऑगस्ट २०१४ मध्ये ‘डॉट भारत’ आलं, देवनागरीत, आणि ज्या भाषांसाठी आलं त्यांत मराठी आहे. मराठी नाव मराठीत लिहिता येऊ लागलं. पण मोकापेट्रिस यांच्या वह्यांमध्ये चालतात ती इंग्रजी अक्षरं, आकडे आणि जोडरेघ. म्हणून २००३ मध्ये एक युक्ती काढलेली होती. देवनागरी नावाचं ‘एक्सएन’ आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांच्या कडबोळ्यात रूपांतर करायचं. होस्टिंगच्या पुष्कळ तक्त्यांत आजही हे कडबोळंच चिकटवावं लागतं.

मराठी माणसासाठी यात एक खास मेख आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन वेगळे शब्द आहेत, हे शाळेत शिकवतात. एकांना नमस्कार करतात, दुसऱ्यांना जेवणाचा बेत सांगतात. हा दुसरा ‘र’ संगणकावर लिहिताना बराच काळ एक अदृश्य जोडचिन्ह वापरलं जायचं, आणि २००३ च्या नियमात ती अदृश्य चिन्हं गाळून टाकायची होती. म्हणजे आचारी आणि आचार्य यांचा पत्ता एकच! पुढच्या नियमांनी अटी घालून ते चिन्ह चालू दिलं, आणि आडव्या ‘र’साठी वेगळं अक्षरही वापरता येतं. तरी आम्ही सुचवू, की मराठी डोमेन घेताना हा ‘र’ शक्यतो टाळावा.

आता त्या प्रश्नाकडे येऊ, नाव कुणाचं. याची झळ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर बसली ती जिओसिटीजवाल्यांना. १९९४ साली सुरू झालेल्या या जागेत लोकांनी फुकट पानं मांडली. पत्ता मोहल्ल्याच्या नावाचा, ‘सिलिकॉन व्हॅली’ आणि पुढे घरनंबर. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद केली. पानांचा बराचसा भाग हौशी जतनकर्त्यांनी वाचवला. पत्ते वाचवता आले नाहीत, कारण पत्ते मालकाच्या नावाखालचे होते.

आपल्या जवळचं उदाहरण ब्लॉगस्पॉटचं. २००५ नंतर मराठीत ब्लॉग लिहिण्याची जी लाट आली, तिचा मोठा भाग इथे उतरला. २०१२ मध्ये गूगलने भारतातल्या वाचकांना ‘ब्लॉगस्पॉट डॉट इन’कडे वळवायला सुरुवात केली. लोकांनी तेच पत्ते उतरवून घेतले, लेखांत दिले, पुस्तकांच्या तळटीपांत छापले. आणि २०२० मध्ये हे ‘डॉट इन’ नाव गूगलच्या हातून मुदत संपून गेलं आणि दुसऱ्याने घेतलं. मूळ ‘डॉट कॉम’ पत्त्यावर ब्लॉग शाबूत होते, पण ‘इन’वाले दुवे तुटले. ज्या थोड्या लेखकांनी स्वतःचं नाव जोडून घेतलं होतं, त्यांच्या वाचकांना यातलं काही कळलंही नाही. ती सोय ब्लॉगरने २००७ च्या सुमारासच दिली होती : तक्त्यात एक सीनेम, झालं.

अर्थात स्वतःचं नाव घेतलं म्हणजे ते हातात राहतंच असं नाही. आपल्याकडच्या संस्थांमध्ये हे सर्रास दिसतं. वेबसाइट ज्या मुलाने हौसेने करून दिली, त्याच्याच ई-मेलवर नाव नोंदलेलं असतं. तो नोकरीसाठी पुण्याला जातो, मग बोस्टनला. मुदत संपल्याच्या सूचना त्याच्या जुन्या ई-मेलमध्ये पडून राहतात. ‘कॉम’सारख्या नावांत मुदत संपल्यावरही ते सोडवून घ्यायला अवधी असतो, शेवटी शेवटी दंड भरून. तोही उलटला की नाव बाजारात जातं. शंभर वर्षांच्या वाचनालयाच्या नावावर मग जुगाराची जाहिरात दिसते, आणि अध्यक्षांना हे कळतं ते सभासदांकडून. तेव्हा संस्थेच्या दप्तरात एक कागद हवा : नोंदणी कुणाच्या नावावर, कुठल्या ई-मेलवर, मुदत कधी संपते.

राहिली ती टीएक्सटी नोंद. ही सगळ्यांत साधी. यंत्राला तिचा अर्थ लावायचा नसतो, नुसता मजकूर. होस्टिंगवाला एक लांबलचक शब्द देतो आणि सांगतो, हा तुमच्या वहीत लिहून दाखवा. वहीत लिहू शकतो तो मालक, एवढाच पुरावा. हा पुरावा सरसकट मागितला जाऊ लागला तो वाईट अनुभवांनंतर. माणसं भाड्याची जागा सोडतात, तिथलं खातं बंद करतात, पण स्वतःच्या वहीतला सीनेम पुसायचा विसरतात. म्हणजे नावाचं बोट अजून त्या रिकाम्या खोलीकडे. मग तीच खोली दुसरा कोणी भाड्याने घेतो, आणि घेतल्याबरोबर त्याला तुमचं नाव आयतं मिळतं. ब्राउझरच्या पट्टीत पत्ता तुमचा, मजकूर त्याचा, आणि लेट्स एन्क्रिप्टच्या यंत्राने तपासलं तर नाव खरोखरच त्या सर्व्हरकडे जात असल्यामुळे प्रमाणपत्रही त्यालाच. मोठमोठ्या कंपन्यांची आणि विद्यापीठांची उपनावं अशी गेलेली आहेत. कुलूप फोडावं लागलं नाही, फक्त वहीतली एक जुनी ओळ कुणी खोडली नव्हती.

थांबतो. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेपासून सुरुवात करू.